बाद झालेल्याचं काय करायचं

नाशिक
३ जुलै २०२५

चि. तृप्ती हिस अनेक आशीर्वाद.

मी योगेशचा बाबा, धनराज देवरे. कॉलेजात असताना तू एकदा आमच्याकडे सिडकोत जेवायला आली होतीस आणि शेवभाजीच्या तिखटाने तुझं नाक लाल झालं होतं. योगेशची आई, सविता, अजून ते सांगते. तुझा पुण्याचा पत्ता त्याच्या वहीत सापडला. नंबरही होता, पण फोनवर मला दोन वाक्यांपुढे बोलता येत नाही, आणि मोबाईलवर टाइप करायला गेलो की तो मला न विचारता शब्द बदलतो. कागद बरा. अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

योगेशला जाऊन सात महिने झाले. डेंग्यूने पाच दिवसांत उचलून नेला, हे तुला माहीत आहेच. तिथीने २१ नोव्हेंबरला वर्षश्राद्ध येतं. आमच्या सटाण्याकडे वर्षश्राद्धाला आलेल्या प्रत्येक घराला गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं भांडं देतात. आमच्या माळ्यावर असे तांबे, वाट्या, डबे पोतंभर पडलेत. कोणाकोणाची नावं आहेत ते पोतं सोडल्याशिवाय मला सांगता यायचं नाही. माझ्या पोराचं नाव मी असं पोत्यात जाऊ देणार नाही. भांड्याऐवजी त्याने केलेला खेळ द्यायचा, असं मी ठरवलंय. एक्कावन्न घरं, एक्कावन्न पेट्या.

तुमची मोबाईलवरच्या खेळांची कंपनी सोडून तो घरी आला आणि दीड वर्ष या एका पटामागे लागला. नाव 'पहाटेची गाडी'. मळ्यातून द्राक्षं भरून निघायचं आणि पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजला पोचायचं. साठ घरं, एक फासा. प्रत्येकाच्या गाडीत पाच कॅरेट. खड्ड्यात गेलं की एक कॅरेट सांडलं. पाचही सांडली की तो बाद, त्याने बाजूला बसायचं. माल घेऊन जो आधी पोचेल तो जिंकला.

मी अंबडच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटीमध्ये, माल तपासण्यात काढली. वहीतल्या चित्रावरून पट, गाड्या, फासा, सगळं तंतोतंत बनवलं. एक्कावन्न पट प्लायमध्ये कापूनही झालेत. मग वरच्या मजल्यावरचे वाल्मीक पगार, त्यांची बायको रोहिणी आणि दोन मुलींना खेळायला बोलावलं. अर्ध्या तासात एक मुलगी बाद झाली आणि मोबाईल घेऊन बसली. मग दुसरी. वाल्मीक जांभया देत होता. रोहिणी बिचारी माझ्याकडे बघून "छान आहे हो काका" म्हणत होती. परत बोलावलं तर कुणी आलं नाही.

म्हणजे पेट्या दिल्या तरी त्या माळ्यावरच जाणार. तू हेच काम करतेस. एक जादा पेटी करून पाठवतोय. खेळून बघ आणि माझं काय चुकलं ते सांग. माप चुकलं असेल तर दुरुस्त करीन. योगेशच्या नियमाला मात्र हात लावायचा नाही.

तुझा,
धनराज काका


पुणे
१४ जुलै २०२५

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

पेटी उघडली आणि गाडी हातात घेऊन बराच वेळ बसले. एवढुशा गाडीची चाकं फिरतात, काका! आमच्या ऑफिसात सगळ्यांनी ती टेबलावर फिरवून बघितली.

तुमचं काहीच चुकलेलं नाही. माप चोख आहे. अडचण खेळात आहे. मोकळेपणाने लिहू ना? आम्ही चौघांनी तो तीनदा खेळला. पहिली अडचण म्हणजे खेळणाऱ्याला काही ठरवावंच लागत नाही. फासा पडेल तेवढं चालायचं. माझ्या जागी कुणीही फासा टाकला तरी तेच होणार, मग मी तिथे कशाला बसू? दुसरी अडचण मोठी. बाद झालेला माणूस. तो उठतो, फोन काढतो, आणि त्याच्याबरोबर सगळ्या खोलीचा जीव निघून जातो. बाद होणारं लहान मूल असलं तर आणखीच वाईट. त्याला अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं तर ते तो खेळ जन्मात परत मागणार नाही.

हे दोन नियम बदलूया. फार नाही, दोनच. मी काही पर्याय लिहून सोबत जोडलेत. योगेश असता तर त्यानेही बदलले असते. एक नियम आठ-आठदा बदलायचा तो. कॅन्टीनमध्ये ताटावर मिठाने पट काढायचा आणि आमची पोळी गार व्हायची.

त्याची फार आठवण येते, काका. काकूंना नमस्कार सांगा.

तृप्ती


नाशिक
२२ जुलै २०२५

चि. तृप्ती हिस आशीर्वाद.

तुझं पत्र सविताने दोनदा वाचलं. मिठाचं आम्हाला ठाऊक नव्हतं. घरी तो मीठ वरून घ्यायचा तेवढं ठाऊक होतं.

तुझे पर्याय चांगले असतील. मी ते वापरणार नाही. कारण सांगतो, हट्टी म्हातारा म्हणू नकोस. आमच्या कामात ज्याने ड्रॉइंग काढलं त्याच्या सहीशिवाय कुणी रेघसुद्धा हलवायची नाही. साहेब असो की ऑपरेटर. हा भाग असा असता तर बरा झाला असता, असं दहा जणांना वाटतं, आणि दहाही जण बरोबर असू शकतात, तरी नाही. ज्याचं आहे त्याला विचारायचं. आता ज्याचं आहे त्याला मी कुठे विचारू?

पण दुसरी एक गोष्ट झाली. तुझं पत्र आल्यावर मी वही पुन्हा पहिल्यापासून तपासली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत बारीक अक्षरात लिहिलंय, 'रिव्हिजन सी, तृप्तीला पाठवली, १० नोव्हेंबर.' मी ज्यावरून पट कापले ती रिव्हिजन ए, म्हणजे सगळ्यात पहिली आहे. पानाच्या कोपऱ्यात 'ए' लिहिलेलं, आणि माझं, चौतीस वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाचं, तिकडे लक्ष नाही! जुन्या ड्रॉइंगवर माल काढणं यासारखी आमच्यात दुसरी नामुष्की नाही. आमच्याकडे एकदा एकाने असे चारशे पीस काढले होते. मी त्याला सगळ्या लाइनसमोर इतकं बोललो की त्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. परवापासून मला त्याचा चेहरा दिसतोय.

ते जाऊ दे. योगेशने स्वतः नियम बदलले होते, आणि ते तुझ्याकडे आहेत. ती रिव्हिजन सी मला पाठव. मग त्यातल्यासारखं करायला मी मोकळा. एक्कावन्न पट पुन्हा कापावे लागले तरी कापीन.

धनराज काका


पुणे
२ ऑगस्ट २०२५

ती. काकांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, ऑफिसात फार गडबड होती.

रिव्हिजन सी माझ्याकडे आलेली नाही. मी घर बदललं त्या सुमारास, त्यामुळे कदाचित जुन्या पत्त्यावर गेली असेल किंवा कुरिअरमध्येच गहाळ झाली असेल. तसं होतं हल्ली. त्याच्या लॅपटॉपवर काही आहे का बघा. नसेल तर मी पाठवलेले पर्याय एकदा खेळून बघा ना. त्यालाही ते पटले असते असं मला खरंच वाटतं.

नोव्हेंबर लांब नाही, म्हणून म्हणते.

तृप्ती


नाशिक
१८ ऑगस्ट २०२५

तृप्ती,

लॅपटॉपवर काही नाही. योगेशच्या पाकिटात मात्र कुरिअरची पावती होती. ती घेऊन मी त्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक बाई होत्या, साधारण तुझ्याच वयाच्या. मी त्यांना नाही नाही ते बोललो. म्हटलं, माझ्या मेलेल्या पोराची शेवटची वस्तू तुम्ही हरवलीत, तुम्हाला लाज कशी वाटत नाही. रांगेतली माणसंही माझ्या बाजूने बोलायला लागली. त्या बाई रडवेल्या झाल्या, पण उलट बोलल्या नाहीत. तासभर खपून त्यांनी जुनी नोंद काढली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला.

१२ नोव्हेंबरला पोचलंय. घेणाऱ्याची सही आहे. पहिल्या पत्राखाली तू केलीस तशीच, शेवटची वेलांटी खाली ओढलेली.

मी त्या बाईंची हात जोडून माफी मागितली आणि चालत घरी आलो.

तुझं काय ते तू सांग.

धनराज देवरे


पुणे
२४ ऑगस्ट २०२५

काका,

सही माझीच आहे.

पाकीट माझ्याकडेच होतं. कपाटावर, सुटकेसच्या मागे. मी ते आजवर उघडलं नव्हतं. तुम्हाला खोटं लिहिलं, आणि त्यापायी एका निरपराध बाईला तुमच्याकडून बोलणी खावी लागली, याची लाज वाटते. पण याहून वाईट एक गोष्ट आहे, ती आज लिहिली नाही तर मी कधीच लिहिणार नाही.

पाकीट आलं त्या आठवड्यात आमचा एक मोठा गेम बाजारात येत होता. मी पाकीट घेतलं, टेबलाखाली टाकलं. चार दिवसांनी योगेशचा फोन आला, "बघितलंस का?" मी म्हटलं, "हो रे, मस्त झालाय." तो इतका खूश झाला, काका. मग म्हणाला, "आणि शेवटच्या प्रश्नाचं काय? तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "विचार करून सांगते." मला प्रश्न काय आहे तेच माहीत नव्हतं. नंतर त्याने परत एकदा विचारलं, २५ तारखेला. मी म्हटलं, "अरे हो, सांगते की, एवढी काय घाई!" आठ दिवसांनी तो गेला.

त्यानंतर ते पाकीट मला उघडवेना. उघडलं असतं तर प्रश्न काय होता ते कळलं असतं. तो कळायला नको होता मला. तुमची पेटी आली तेव्हा वाटलं, नवे नियम मीच काढून देते, म्हणजे पाकिटाचं कुणाला कळणारच नाही. मी अशी आहे, काका.

काल उघडलं. सगळं सोबत पाठवतेय, पण पोस्टात काही झालं तर जाऊ नये म्हणून त्याची चिठ्ठी इथे उतरवते.

"तृप्ते, ही रिव्हिजन सी. आता फासे दोन. दोन्ही एकदम टाकायचे. एक स्वतःच्या गाडीला लावायचा, दुसरा दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला द्यायचाच. कुणाला ते तुझं तू ठरव. पुढे ने नाहीतर खड्ड्यात घाल. त्यामुळे जाम भांडणं होतात, आणि भांडणं झाली की माणसं उठत नाहीत. खड्डे बारा होते ते नऊ केलेत. चौदा, सत्तावीस आणि एक्केचाळीस नंबरचे काढले. आता एकच अडलंय. बाद झालेल्याचं काय करायचं? त्याला नुसतं बसवून ठेवायला मन होत नाही. परत रस्त्यावर आणला तर बाद होण्याला अर्थ राहत नाही. तो गेलेलाही असायला हवा आणि खेळातही असायला हवा. कसं ते सुचत नाहीये, डोकं फुटायची वेळ आली. तुला सुचलं तर सांग. हे सुटलं की बाबांना खेळायला बसवणार. अर्धवट काम त्यांच्यापुढे मांडायची आपली छाती नाही बाबा! योग्या."

ही रिव्हिजनही पुरी नाही, काका. तो माझ्या उत्तरासाठी थांबला होता.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

तृप्ती


पुणे
२८ सप्टेंबर २०२५

ती. काकांना नमस्कार.

महिना होऊन गेला. पाकीट पोचल्याची पावती पोस्टातून आली, तुमचं पत्र नाही. लिहू नका हवं तर, तो तुमचा हक्क आहे. फक्त त्याची चिठ्ठी काकूंनी वाचली का, एवढं तरी कळवाल का?

तृप्ती


नाशिक
१२ ऑक्टोबर २०२५

चि. तृप्ती हिस,

चिठ्ठी सविताने वाचली. मी वाचली. मग सवितानेच ती घडी करून पोथीत ठेवली.

एवढे दिवस लिहिलं नाही कारण राग आला होता. साधासुधा नाही. तुला एक पत्र लिहिलं होतं, त्यात नको ते लिहिलं होतं. पोराला ताटकळत ठेवलंस, वगैरे. पाकिटात घालून तिकीट लावून ठेवलं. सविताने ते उघडून वाचलं आणि फाडलं. मी म्हटलं, का फाडलंस? ती म्हणाली, "तिला एवढं लिहिलंत. स्वतःचं काय ते कधी लिहिणार?"

तर ते लिहितो.

ही जी रिव्हिजन ए मी एक्कावन्नदा कापली, ती योगेशने आधी पुठ्ठ्यावर केली होती. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला त्याने ती जेवणाच्या टेबलावर मांडली आणि म्हणाला, "बाबा, एक डाव." मी पेपर वाचत होतो. उठलो, कपाटातून बारीक मापाचा व्हर्निअर आणला आणि त्याच्या फाशाच्या बाजू मोजल्या. म्हटलं, हा फासा तिरका आहे, अर्धा मिलिमीटरचा फरक आहे, यावर आकडे नीट पडणारच नाहीत. तो म्हणाला, "हो बाबा, पण एकदा खेळा तर." मी म्हटलं, आधी काम पुरं कर मग दाखव. आणि नोकरीचं काय ते बघ. पुण्याची चांगली नोकरी सोडून पोरखेळ करतोस, लोक मला विचारतात. तो हसला आणि पट गोळा केला. परत त्याने मला कधी विचारलं नाही. आई मात्र रोज खेळायची त्याच्याबरोबर, मी शेजारच्या खोलीत टीव्ही बघायचो.

तृप्ती, तू त्याचं पाकीट तीन आठवडे उघडलं नाहीस. माझ्यासमोर ते आठ महिने उघडं पडलं होतं. तुला रागावायला मी कोण लागून गेलो?

आता पुढचं. पटावरचे तीन-तीन खड्डे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवले. एकशे त्रेपन्न खड्डे. रंगही लावला. एक्कावन्न फासे आणखी केले. परवा वाल्मीक, रोहिणी आणि मुलींना बोलावलं. यायला तयार नव्हते, सविताने चिवडा केलाय म्हणून सांगितल्यावर आले. दोन फाशांचा खेळ सुरू झाला आणि पाच मिनिटांत जी भांडणं लागली म्हणतेस! धाकट्या मुलीने बापाला सरळ खड्ड्यात घातलं. वाल्मीक तिला म्हणाला, "उद्या शाळेत कोण सोडतं बघतो." मी आयुष्यात पहिल्यांदा हा खेळ खेळत होतो.

सविता सगळ्यात आधी बाद झाली. ती सगळ्यांना पुढेच ढकलत होती, कुणालाच खड्ड्यात घालेना, आणि आम्ही तिला घालत गेलो. बाद झाल्यावर ती थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग माझ्या हातातले फासे घेतले आणि माझ्यासाठी टाकले. मग वाल्मीकसाठी. मग मुलींसाठी. आम्ही कुणीच टाकले नाहीत, ती सगळ्यांचे टाकत होती आणि आम्ही चालत होतो. "पाच आणि दोन पडले, घ्या," असं मोठ्याने सांगत होती. वर्षभरात या घरात तिचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. डाव संपेपर्यंत कुणी फोनला हात लावला नाही.

हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर होतं का? मला ठरवता येत नाही. त्याने मला विचारलं नव्हतं, तुला विचारलं होतं. तेव्हा तू खेळून बघ आणि सांग. चुकीचं असेल तर चुकीचं म्हण. आमची मनं राखायला हो म्हणू नकोस.

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही.

धनराज काका


पिंपळगाव बसवंत
२५ ऑक्टोबर २०२५

ती. काका आणि काकूंना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. बास, त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

दिवाळीला माहेरी आलेय. चुलत, मावस मिळून अकरा जण जमलोय, त्यातले दोघे खरोखर पहाटे द्राक्षाची गाडी चालवतात. चार दिवसांत सव्वीस डाव झाले. मी वहीत प्रत्येक डाव लिहून ठेवला, कोण कधी बाद झालं, कोण उठून गेलं. उत्तर बरोबर आहे, काका. अगदी बरोबर आहे. बाद झालेल्याने सगळ्यांचे फासे टाकायचे. दोघे बाद झाले तर आळीपाळीने. सव्वीस डावांत एकही माणूस मध्येच उठला नाही. काकूंना सांगा, जे योगेशला आणि मला सुचलं नाही ते त्यांनी हातात फासे घेऊन करून दाखवलं.

एकच छोटी भर घालू का? फासे टाकणाऱ्याला काही ठरवायला मिळत नाही, म्हणून तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तो थोडा कंटाळतो. त्याला दर फेरीत एक हक्क द्यायचा. एखाद्याचे पडलेले फासे त्याला उचलून पुन्हा टाकता येतील. कुणाचे ते त्याने ठरवायचं. आम्ही तसं केलं आणि काय सांगू! सगळे बाद झालेल्याच्या विनवण्या करायला लागले. "आत्या, माझे परत टाक ना गं, तुझ्या पाया पडतो." रस्त्यावर असलेल्यांपेक्षा बाद झालेल्याचा भाव जास्त.

नियमांचा नवा कागद सोबत आहे. रिव्हिजन डी. मी सही केली आहे. खाली काकूंच्या आणि तुमच्या सहीला जागा सोडली आहे.

२१ तारखेला मी यावं असं तुम्हाला वाटतं का? तुम्ही नको म्हणालात तर मला समजेल.

तृप्ती


नाशिक
२४ नोव्हेंबर २०२५

चि. तृप्ती हिस अनेक आशीर्वाद.

तुला ये म्हणून फोन केला तेव्हा दोनच वाक्यं बोललो, आणि तू आलीस तेव्हा तर पाहुण्यांच्या गर्दीत तेवढीही नाही. त्या दिवशी पंगत उठल्यावर तुला लगेच पुण्याची गाडी गाठायची होती. तू गेल्यानंतरचं लिहितो.

पेट्या वाटल्या तेव्हा कुजबुज झालीच. भावकीतले एक जण म्हणाले, भांडं द्यायचं सोडून सोंगट्या काय देतोय हा. माझी मोठी बहीण भिमाअक्का सटाण्याहून आली होती, तिने पेटी उघडून आमच्या अहिराणीत विचारलं, "हाऊ काय खेळ शे?" मी तिला सांगायला बसलो. बघता बघता सहा जण बसले, मग बाकीच्यांनी आपापल्या पेट्या फोडल्या. मांडवात सात पट मांडले गेले. श्राद्धाचं घर आहे म्हणून आधी हळू बोलत होते, मग विसरले. कोणीतरी ओरडलं, "अक्का बाद, अक्का बाद!" भिमाअक्काने पदर खोचला, फासे घेतले आणि तिच्या दोन्ही मुलांना जे नाचवलंय! एकाने विनवणी केली की दुसऱ्याचे परत टाकायची. ती पोरं गेली दोन वर्षं शेताच्या बांधावरून एकमेकांशी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलली. भांडलीच, पण समोरासमोर बसून.

जायची वेळ झाली तरी कुणी उठेना. टेंपोवाला हॉर्न मारून दमला आणि शेवटी तोही येऊन बसला.

सविता सगळ्या पटांमधून पाणी देत फिरत होती. मध्येच ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी आत गेलो. ओट्याला टेकून रडत होती. म्हणाली, "बाहेर किती आवाज आहे बघा. हे सगळे त्याच्यासाठी बसलेत आणि तो नाही." मीही तिथेच उभा राहून रडलो. आजवर कुणासमोर रडलो नव्हतो, आता लपवावंसंही वाटलं नाही.

लोक गेल्यावर आम्ही दोघंच एक डाव खेळलो. ती जिंकली.

वर्षभर मी मनात एक वाक्य घेऊन फिरतोय. ज्याला सांगायचं तो नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगून त्याला काही अर्थ नाही, तू सोडून. त्याने आपल्या दोघांना एकच गोष्ट विचारली होती. तू न बघताच हो म्हणालीस आणि मी बघून काहीच म्हणालो नाही. म्हणून तुलाच लिहितो.

खेळ चांगला झालाय, योगेश. फार चांगला झालाय रे.

तुझा,
बाबा